बसण्याचे पैसे

पुण्या-मुंबईकडच्या मित्रांमध्ये सध्या एक वाद रंगलाय. एक कॉफी मागवून, लॅपटॉप उघडून दुपारभर टेबल अडवणाऱ्यांचं करायचं काय? कुणी म्हणतं, वायफाय बंद करा. कुणी म्हणतं, गिऱ्हाईक आहे, बसणारच. मी व्हिएन्नात राहते आणि मला वाटतं, मुळात बसण्याचे पैसे कोण भरतं हे कुणी विचारतच नाही.

इथल्या जुन्या कॉफीहाउसात शिरलं की आधी आवाज भेटतात. दुधात वाफ सोडतानाची फुस्स, संगमरवरी टेबलावर बशी टेकल्याचा टक्‌कन आवाज, लाकडी दांड्यात अडकवलेलं वर्तमानपत्र उलटतानाची सळसळ. काळ्या कोटातला वेटर छोट्या तबकात मेलांज, म्हणजे दूध आणि फेसाची इथली कॉफी, आणतो; सोबत पाण्याचा पेला, पेल्यावर पालथा चमचा. कप रिकामा होऊन तास उलटला तरी बिल येत नाही, पाणी मात्र न मागता बदलून मिळतं. शेजारी एखाद्या आजी शब्दकोडं सोडवत असतात, पलीकडे दोघं हलक्या आवाजात कडाक्याचा वाद घालत असतात. ऑस्ट्रियाने 2011 मध्ये ही संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. योग्यच केलं.

पण हे औदार्य फुकटचं नाही. कॉफी महाग असते, बसण्याचे पैसे त्यातच धरलेले असतात. वेटरचा किमान पगार कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या सामूहिक कराराने ठरतो. आपल्याला मात्र कॉफी स्वस्त हवी, खुर्ची तासन्‌तास हवी आणि तूट मालकाने नाहीतर टेबल पुसणाऱ्या पोराने सोसावी. हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे वेगळी वाटही काढली गेली होती. सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतल्यावर, 1957 च्या सुमारास कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभारल्या आणि इंडियन कॉफी हाउस स्वतः चालवायला घेतलं. कॉफी स्वस्त, बसायला मोकळीक आणि धंदा कामगारांच्याच मालकीचा! आज शहरातल्या भाड्यांत हे पुन्हा जमवणं कठीण आहे. मग मालकांनी सरळ दर वाढवावेत किंवा तासाचे पैसे लावावेत, आणि बसलेल्याकडे डोळे वटारणं सोडावं.

दर वाढले तर ज्याच्या खोलीत टेबल ठेवायला जागा नाही तो विद्यार्थी पहिला बाहेर पडेल, हे खरं. त्याच्यासाठी महापालिकेने वॉर्डावॉर्डात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिका काढाव्यात. तो खर्च कॅफेवाल्याच्या गल्ल्यातून का निघावा?