एक्झी फाइल शोधायची गरजच नाही
लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणं किचकट आहे, हे एका लेखातलं मत मला पटलं नाही. मी विंडोजवरून ई-पीसी ७०१ या छोट्या नेटबुकवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घेतलं, तेव्हा सवयीने आधी एक्झी फाइलीच (विंडोजवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या फाइली) उतरवल्या. इथे सगळं भांडारातून, म्हणजे डेबियनच्या इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअर-साठ्यातून येतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव लिहा. त्याला लागणारी इतर पॅकेजंही (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आपोआप येतात. (‘सुडो’ पासवर्ड विचारतं; तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरू नका.) टर्मिनल नकोच असेल तर सिनॅप्टिक वापरा, त्यात हेच काम माउसने होतं. खरी अडचण जागेची. या नेटबुकमध्ये जेमतेम ४ जीबी! म्हणून अधूनमधून ‘सुडो ॲप्ट-गेट क्लीन’ चालवाच, उतरवून साठलेली पॅकेजं पुसली जातात. बसवलेल्या सॉफ्टवेअरला काही होत नाही.