एक नोव्हेंबर, रात्री अकरा एकोणसाठ

मी १९९४ ला बारावी झाले. तेव्हा इंजिनिअरिंगला अॅडमिशन म्हणजे पीसीएमची ३०० पैकी टोटल, बास. ती टोटल हाच तुमचा स्वभाव, हीच आवडनिवड आणि हाच संघर्ष. बाकी काम म्हणजे झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही (तो नेहमी जेवायला गेलेला असायचा), डिमांड ड्राफ्ट, आणि मग एका हॉलमध्ये नंबर पुकारला की टेबलासमोर जाऊन उभं राहायचं. "मेकॅनिकल आहे, घेताय का? मागे लाईन आहे." मी घेतलं. पुढच्या तीस वर्षांचा निर्णय आणि वेळ लागला सव्वा मिनिट, त्यातला एक मिनिट बाबा चष्मा शोधत होते.

आता आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि २०२४ मध्ये माझी लेक मनू बारावीला, म्हणजे इथल्या भाषेत सिनिअर. तिलाही इंजिनिअरिंगच करायचंय. मी म्हटलं चला, हे तर आपलं घरचं कार्य. कसलं काय.

पहिला दणका म्हणजे "अर्ली", लवकरचा अर्ज, मुदत एक नोव्हेंबर रात्री अकरा एकोणसाठपर्यंत. कॉलेज सुरू होणार पुढच्या ऑगस्टमध्ये, रेग्युलर अर्ज बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, पण मंडळाच्या गणपतीत ज्याला त्याला विचारलं तर सगळे असं बघायला लागले की जणू आम्ही पोरीला शाळेतच घातलं नाहीये. "अजून एसे झाला नाही? आमचा तर जूनमध्येच झाला." एसे म्हणजे अर्जासोबतचा निबंध. हातातला मोदक तसाच राहिला माझ्या.

मग अर्लीतही दोन जाती. मी माझ्या आईला नाशिकला फोनवर समजावलं ते असं, की अर्ली अॅक्शन म्हणजे कांदेपोहे, चार-पाच ठिकाणी खाल्ले तरी चालतं, होकार आला तरी विचार करायला मे महिना उजाडेपर्यंत वेळ. अर्ली डिसिजन म्हणजे थेट साखरपुडा. एकाच ठिकाणी करायचा, त्यावर पोरीची सही, आईबापाची सही आणि शाळेच्या काउन्सेलरचीसुद्धा सही, आणि तिकडून होकार आला की बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. नवऱ्याला साखरपुडा आधी आवडला होता, एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणून, मग त्याने फी बघितली आणि एड, म्हणजे फीसाठी आर्थिक मदत, किती मिळेल ते होकारासोबतच कळणार हे वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे भाव न विचारता पिशवीत भाजी भरायची?" झालं, पाच ठिकाणी पोहे ठरले. एकेका अर्जाला पंच्याहत्तर-ऐंशी डॉलर. इतके महाग पोहे आमच्या सात पिढ्यांत कोणी खाल्ले नसतील.

त्यात एक एमआयटी. आई लगेच, "अगं मग एवढं लांब कशाला, कोथरूडला आहे की!" हे अमेरिकेतलं वेगळं म्हणून सांगितलं, यांचा फॉर्मही कॉमन अॅपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या एकत्र अर्जाच्या साईटवर नाही, स्वतःचा वेगळा, आणि यांना एक शिफारसपत्र गणिताच्या किंवा सायन्सच्या सरांचं लागतं आणि दुसरं भाषा-इतिहासवाल्यांचं. यांचा रेग्युलर निकाल १४ मार्चला लागतो, पाय डे म्हणून (३/१४, म्हणजे पायचे ३.१४), आणि तोही संध्याकाळी ६:२८ ला कारण दोन पाय म्हणजे ६.२८. आई म्हणाली, "मुहूर्त काढून निकाल लावतात म्हणजे माणसं बरी असतील."

कॉमन अॅपवर दहा अॅक्टिव्हिटी लिहायच्या आणि एकेकीला १५० अक्षरं. शब्द नाहीत हो, अक्षरं, त्यात स्पेस पण धरायची. मनू पाच वर्षं ढोलपथकात वाजवते. १५० अक्षरांत ढोल म्हणजे काय तेच सांगून होत नव्हतं. मी म्हटलं 'लीडरशिप' लिही, ती म्हणाली मी मागच्या रांगेत असते. मी म्हटलं मागून लीड करतेस असं लिही. तिने माझ्याकडे जे बघितलं ते १५० अक्षरांत बसणारं नव्हतं.

पण खरा छळवाद मेन एसे. ६५० शब्द, तुम्ही कोण आहात ते सांगा. आता सतरा वर्षांच्या पोरीला काय माहीत ती कोण आहे, मला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी नक्की सांगता येत नाही. इंटरनेटवर वाचलं की त्यात संघर्ष हवा. आम्ही नवरा-बायको दोन रात्री बसून तिच्या आयुष्यात संघर्ष शोधला, सापडेना. आम्हीच सगळा काढून टाकला होता ना, हप्ते भरून. शेवटी नवरा म्हणाला, तुझ्या होस्टेलच्या मेसबद्दल लिहिता येईल का तिला?

मनूने आमचं काहीच न ऐकता कुकरवर लिहिलं.

त्याचं असं की मागच्या वर्षी आई सहा महिने आमच्याकडे होती. ती कुकर लावायची आणि फोनवर मावशीशी बोलताना शिट्ट्या मोजायची विसरायची, डाळीचा कधी दगड तर कधी पेज. तर या पोरीने आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि एक मायक्रोफोन जोडून शिट्ट्या मोजायचं यंत्र केलं. पहिल्याच दिवशी आईने चकल्या तळल्या, स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि यंत्राने सत्तेचाळीस शिट्ट्या मोजल्या. मग तिने आवाजाची पट्टी बदलली, तर मावशी स्पीकरवर हसली की दोन शिट्ट्या वाढायच्या. हे सगळं तिने लिहिलं, आणि शेवटी यंत्र काही नीट चाललंच नाही हेही लिहिलं!

मी हादरले. मी मेकॅनिकलवाली, मला माहितीये, जर्नलमध्ये रीडिंग चुकलं तर उत्तरावरून उलटं काढायचं पण बरोबर दाखवायचं. मी म्हटलं, "अगं चाललं असं लिही ना, कोण बघायला येणारे?" ती म्हणाली, "आई, तू अॅप्लिकंट नाहीयेस." बरोबर होतं, पण गेले तीन महिने मी सगळ्यांना "आम्ही अप्लाय करतोय" असंच सांगत होते.

बाकी छोटे एसे तर विचारूच नका, आमच्याकडेच का यायचंय असं प्रत्येकाला वेगळं पटवून द्यायचं. मला विचारलं असतं ना, तर मी लिहिलं असतं, लिस्टमध्ये नाव लागलं म्हणून.

शेवटचा आठवडा म्हणजे हॅलोविन आणि दिवाळी एकत्र. दर चार मिनिटांनी बेल, दारात पाच भुतं, मी चॉकलेटं वाटतेय, आत अनारसे फसलेत, वर मनू स्वल्पविराम हलवतेय. एक नोव्हेंबरला नवरा सकाळपासून "साईट क्रॅश होईल, साईट क्रॅश होईल" असा जप करत घरभर फिरत होता. सबमिट कधी केलं? अकरा एकेचाळीसला. आधी अख्खी पीडीएफ उघडून बघायला लावतात, मग सही, मग स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडतात. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, मी रडले, मनू म्हणाली भूक लागलीये. असं एकाचं झालं. दुसरं अकरा चोपन्नला.

मग वाट बघणं. लवकर अर्ज केला की लवकर उत्तर, एवढ्यासाठीच तर हा सगळा उद्योग. पहिला निकाल आला. कागदाचे तुकडे उडाले नाहीत. होकार नाही, नकार पण नाही, डिफर. म्हणजे आता तुम्हाला रेग्युलरवाल्यांच्या रांगेत टाकलंय, मार्चमध्ये परत बघू.

आईला फोन केला. "काय झालं गं? पास की नापास?"

"डिफर."

"म्हणजे एटीकेटी?"

"नाही गं, सगळं बघितलं त्यांनी, पण ठरवायचं नंतर."

"मग एवढी घाई कशाला केलीत?"

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि फोनच्या नादात कोणीच मोजलं नव्हतं. मी म्हटलं दुसरी, नवरा म्हणाला चौथी. मनूला विचारलं, गॅस बंद करू की राहू दे?

"डिफर करा," मनू म्हणाली.