बायस वाढवला की आवाज गोड होतो?

"जुन्या ॲम्प्लिफायरमधला बायसचा प्रीसेट थोडा वाढवा, क्लास ए चा गोडवा येईल. मीटर लागत नाही, हीटसिंक हाताला कोमट लागली की झालं." हा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि त्यापायी चांगली यंत्रं जळताहेत. बायस म्हणजे गाणं वाजत नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहता ठेवलेला थोडा करंट, प्रीसेट म्हणजे तो कमीजास्त करायचा आतला छोटा स्क्रू, हीटसिंक म्हणजे ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग. आणि क्लास ए म्हणजे जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर कधीच बंद न होता चालणं.

आधी गोडव्याचं बघू. आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. बायस कमी असेल तर एक सोडतो आणि दुसरा धरतो, त्या सांध्यावर खाच पडते. हळू आवाजात तानपुरा लावा, लगेच खरखरीत लागतो. तेव्हा बायस पुरेसा हवा, हे खरंच. पण गरजेपेक्षा जास्त दिला की दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र चालण्याचा पट्टा रुंदावतो आणि त्याच्या कडांना नवी विकृती येते. शिवाय 25 मिलिअँपिअरचे 100 केले तरी 8 ओहमवर क्लास ए मिळतो जेमतेम 0.16 वॅटपर्यंत. 30 वॅटपर्यंत हवा असेल तर सुमारे 1.37 अँपिअर सतत वाहायला हवेत. ±40 व्होल्टच्या सप्लायवर एका चॅनेलची उष्णता 110 वॅट! जुन्या हीटसिंकला ती झेपणारच नाही.

आता हाताचा अंदाज. एका मित्राच्या ॲम्प्लिफायरचे दोन्ही चॅनेल एकाच हीटसिंकवर होते आणि ती छान कोमट होती. आउटपुट ट्रान्झिस्टरचा करंट ज्यातून जातो त्या 0.47 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावला, तर डावीकडे 2 मिलिव्होल्ट, उजवीकडे 38. म्हणजे 4 आणि 81 मिलिअँपिअर. हाताला यातलं काय कळणार?

"थोडा वाढवा" हे तर सगळ्यात घातक. प्रीसेटच्या पट्टीवर गंज चढलेला असतो. फिरवताना संपर्क क्षणभर सुटला, तर कित्येक सर्किटांत बायस थेट कमाल होतो. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज साधारण 2 मिलिव्होल्टनं उतरतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो. म्हणून आधी प्रीसेट बदला आणि पहिल्यांदा सिरीज बल्ब (मेन्सच्या वाटेत जोडलेला, जास्त करंट अडवणारा दिवा) लावूनच चालू करा. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर. मीटरच्या क्लिपा वीज बंद असतानाच लावा. मीटरची हातातली पिन घसरली की आउटपुट ट्रान्झिस्टर गेलाच. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. आणि काही यंत्रांत हा प्रीसेट नसतोच, उदाहरणार्थ क्वाड या ब्रिटिश कंपनीचा 1975 चा 405 ॲम्प्लिफायर.

मित्राच्या यंत्रात नवे प्रीसेट बसवले, सिरीज बल्ब काढून पंधरा मिनिटं तापू दिलं, मग मॅन्युअलप्रमाणे दोन्हीकडे 12 मिलिव्होल्ट लावले. अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं, 13 आणि 12. झाकण लावलं.