म्हणे, लोअर परळला खायला काहीच नव्हतं!

सकाळी डबे भरत होते, फोन ओट्यावर उभा केलेला. एक रील आली. मुलगी गोड आहे, बोलते छान, दर घासाला डोळे मोठे करते. 'मुंबईत आत्ता ट्राय करायलाच हवीत अशी ठिकाणं, लोअर परळ स्पेशल.' मी बघितली. मला खायला आवडतं आणि नवीन हॉटेल निघालं की मी शोधत जाते, हे तुम्हाला माहीतच आहे. सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी इथे खायला काहीच नव्हतं, नुसत्या बंद पडलेल्या मिल्स!"

काहीच नव्हतं? अगं बाई, मग लाखो गिरणी कामगार काय भोंगा खाऊन कामावर जायचे?

ऑफिसला पोचेपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून आता जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. चिडलेली आहे. कुठे तोल गेला तर सांभाळून घ्या.

माझी थोरली मावशी डिलाईल रोडला खानावळ चालवायची. त्याच रस्त्याला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात आणि रीलवाली ज्या ज्या ठिकाणी गेली, त्यातली निम्मी तिथून पायी अंतरावर आहेत. मावशीच्या खानावळीला नाव नव्हतं, बोर्ड नव्हता. दहा बाय बाराची खोली. तीत मावशी, काका, पोरं, दोन स्टोव्ह आणि भाकऱ्यांची टोपली. पहिल्या पाळीचे लोक भल्या पहाटे डबा घेऊन जायचे, दुसऱ्या पाळीचे दुपारी जेवून जायचे आणि रातपाळी सुटून आलेल्यांना गरम लागायचं. बायकापोरं साताऱ्याला, कोल्हापूरला, कोकणात. इथे गावकीच्या एका खोलीत ढीगभर माणसं पाळीपाळीनं झोपणार. त्यांचं जेवण म्हणजे मावशी. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाचा गुरुवार, कोण पगाराच्या दिवशी कोंबडीची फर्माईश करणार, सगळं तिला तोंडपाठ. महिन्याचा हिशेब वहीत, पैसे पगारावर.

अशा बायका गिरणगावात चाळीचाळीत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते ह्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून. वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत पिचणाऱ्या ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, ही खटपट होती. आणि रीलवाली म्हणते काहीच नव्हतं.

बरं, मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातली नाही. उलट मावशीला एकदा हौसेनं तिकडे घेऊन गेले होते. भाच्याची नोकरी पक्की झाली होती, त्याची पार्टी. जुन्या गिरणीच्या आवारातलं एक रेस्टॉरंट, नाव घेत नाही, त्यांची जाहिरात मी का करू? उंच छत, उघड्या विटा, लोखंडी तुळया तशाच ठेवलेल्या. आणि एक अख्खी भिंत भरून फोटो. पाळी सुटल्यावर गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार, काळापांढरा, भला मोठा. त्याच्याखाली टेबलं आणि लोक कॉकटेल पीत बसलेले.

मावशी बसलीच नाही. चष्मा पदरानं पुसला आणि भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली. एकेक चेहरा बघायला लागली. ओळखीचं कुणी दिसतंय का ते शोधत होती, हो! टेबलावरच्या पोरींना वाटलं आजींना बसायला जागा हवीय, त्या सरकल्या. वेटर धावत आला, "आंटी, फोटो काढू?" मावशीनं मान हलवली आणि परत येऊन मला म्हणाली, "हे आपलं गेट न्हाई. आपल्या गेटला कमान हुती. दुसऱ्याच गिरणीचा फोटो चिकटवलाय."

मला हसावं की रडावं कळेना. हजारो रुपयांचं बिल करणाऱ्या त्या जागेत फोटोतलं फाटक तपासू शकणारं माणूस बहुतेक ती एकटीच होती.

आता म्हणाल, रेस्टॉरंटवाल्यांनी का गिरण्या बंद पाडल्या? नाही पाडल्या, मान्य. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप कुणी रीतसर मागेही घेतला नाही, नुसता विरत गेला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीचं काय झालं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. फिनिक्स मिलचा मॉल झाला, धुराडं तेवढं ठेवलं. त्यात बिचाऱ्या शेफचा काय दोष? मावशीनं संपाचे पहिले महिने माणसांना उधारीवर जेवू घातलं. मग एकेक करून ती माणसं गावाला गेली. काहींनी मनिऑर्डरी केल्या, पुष्कळांनी नाही केल्या. तिला त्याचा राग नव्हता आणि अजूनही नाही. राग मला येतो, आणि तो ह्या 'काहीच नव्हतं'चा येतो.

कारण नवीन मंडळींतही ज्यांना ही जागा कळली, त्यांनी काम चांगलंच केलंय. बॉम्बे कॅन्टीन घ्या. २०१५ पासून कमला मिलमध्ये आहे. फ्लॉइड कार्डोझ हा मुंबईत जन्मलेला, न्यूयॉर्कला नाव काढलेला शेफ त्यामागे होता, मार्च २०२० मध्ये कोरोनानं गेला. तिथे आपल्याकडच्या प्रांतांप्रांतांचे पदार्थ, बाजारात त्या मोसमात जे मिळतं ते धरून करतात. एग्ज केजरीवाल खा (राजकारणातले नव्हेत, क्लबातल्या जुन्या पदार्थाचं नाव आहे, टोस्ट, चीज, मिरची आणि वर अंडं). त्याच मंडळींचं भायखळ्याला बॉम्बे स्वीट शॉप आहे, २०२० मध्ये निघालं, मिठाई जरा वेगळी आणि बेताची गोड. महालक्ष्मीला जुन्या लोकरीच्या गिरणीत मास्क नावाचं रेस्टॉरंट आहे, २०१६ पासून. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत त्याचं नाव येत असतं. तिथे मेनूकार्डातून निवडायचं नसतं, एकामागून एक ते देतील ते खायचं. म्हणजे खानावळच की हो! मावशीकडे तरी कोण निवडत होतं? किंमत मात्र अशी की बोनस झाल्याशिवाय मी त्या गल्लीत पाऊल ठेवत नाही.

ही सगळी ठिकाणं जरूर बघा. मी नको म्हणतच नाहीये.

पण मावशीला घेऊन गेले होते त्या रात्रीचं पुढचं ऐका. मेनूत मिनी ज्वारी भाकरी, ठेचा आणि घरचं लोणी होतं. किंमत सांगत नाही, मावशीलाही सांगितली नव्हती, तिनं ती उलट्या बाजूनं वाचली. पुरीएवढ्या भाकऱ्या काळ्या पाटीवर आल्या. सगळ्यांनी फोटो काढले. मावशीनं एक उचलली, कडेला अंगठा दाबला, बारीक भेग पडली. मग ती वाकवून बघितली, मधेच चिरली. "पीठ जुनं हाय," म्हणाली. "दळून आठ-पंधरा दिवस झालं असत्याल. ज्वारीचं पीठ ताजं पायजे, न्हाईतर चिकटपणा जातो." वेटर पोरगा घाबरून शेफला घेऊन आला. शेफही पोरगाच, तिशीतला. त्याला मावशीनं विचारलं, पाणी गरम घालता का? तो म्हणाला, नाही. "जुनं पीठ असलं की उकळतं पाणी घालून मळायचं. आणि थापायच्या आधी मळायचं, सगळा गोळा एकदम मळून ठिवायचा न्हाई." त्यानं खरंच फोन काढून लिहून घेतलं. त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी मार्क. तोही असाच वागला असता की आमच्याकडे मागे काहीच नव्हतं, तर?

(मघाशी फार चिडून लिहिलं बहुतेक. ह्या पोरासाठी थोडं कमी धरा.)

नाही, पण बिलावर आलं की माझं डोकं परत फिरतं. खाली सेवा शुल्क दहा टक्के लावलेलं. अहो, ते सक्तीनं घेता येत नाही! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा, काढतात. तोंड वाकडं करून काढतात, पण काढतात. त्याऐवजी त्या वेटर पोराच्या हातात थेट द्या. आमचा वेटर डोंबिवलीहून यायचा, शेवटची गाडी चुकली तर फलाटावर झोपायचा. ही माहिती कुणी काढली ते सांगायला नकोच. मावशीनं पाच मिनिटांत त्याचं गाव, आईचं नाव आणि पगार काढून घेतला होता.

आणि टेबल दोन तासांचं! वेळ संपत आली तशी एक मुलगी हातात टॅब घेऊन आली आणि अगदी गोड आवाजात, मॅम, पुढचे गेस्ट वेट करतायत. माझा पारा चढला. पंचाहत्तरीच्या बाईला तुम्ही उठवताय? तिच्याच गिरणगावात? मी तोंड उघडणार, तोवर मावशी पिशवी उचलून उभी. "चल गं. पंगत उठवायलाच लागती. मी बी उठवायची. बाहेर लोकं ताटकळत्यात, त्यांची पाळी चुकती." आणि त्या मुलीला म्हणाली, "तू बरोबर करतीस." मुलगी बावरून माझ्याकडे बघायला लागली.

म्हणजे बघा, मावशी त्यांच्या बाजूची निघाली! तिला ती जागा परकी वाटलीच नाही. तिच्या दृष्टीनं तो तिचाच धंदा होता, फक्त दर वाढलेला आणि पीठ जुनं. परकेपणा मलाच वाटत होता. आणि तो मला अजून वाटतो, त्याला माझा इलाज नाही. पण जिनं इथे इतकी वर्षं माणसं जेवू घातली, ती जर नव्या लोकांना आपल्यात धरत असेल, तर नव्या लोकांनी तिला 'काहीच नव्हतं'मध्ये का ढकलायचं? फाटकाचा फोटो भिंतीवर चालतो. फाटकातून बाहेर पडून ती माणसं कुठे जेवायला जायची, एवढं विचारायला काय होतं?

तर आता माझी यादी, रीलवालीनं न केलेली. लालबागला क्षीरसागरमध्ये मटण किंवा कोंबडी-वडे खा. भारतमाता सिनेमापाशी लाडूसम्राटमध्ये मिसळ आणि कोथिंबीर वडी, निघताना लाडू बांधून घ्या. चिवडा गल्लीत शिरा, काहीही न घेता बाहेर पडून दाखवा. मसाल्याच्या गल्लीत उन्हाळ्यात मिरच्या कांडायला बायकांची रांग लागते, नुसतं तिथून चाललात तरी ठसका लागेल. लोअर परळला मासे खायचे तर जय हिंद लंच होम. आणि जरा पुढे दादरला आलात तर आस्वादची मिसळ आहेच. २०१५ मध्ये लंडनच्या कुठल्याशा फूडी हबनं तिला जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हटलं, तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते. माझ्या मते बक्षीस थोडं जास्तच झालं, पण मिसळ चांगली आहे. दादरकरांनी लगेच अंगावर येऊ नये.

इथे सोफे नाहीत, कुठे पंखा अंगावर येत नाही, कुठे अनोळखी माणसाबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं. ज्यांना चालत नाही त्यांनी जाऊ नका, रांग तेवढी कमी होईल.

माझ्या मित्रयादीत गिरणगावातले पुष्कळ आहात, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी आई, आजी, काकू, आत्या कुणीतरी खानावळ चालवलीय. मला माहितीये, तुम्ही सांगत नाही. खाली लिहा. बाईचं नाव, चाळ कुठली, महिन्याचा दर काय होता आणि रविवारी काय असायचं. शंभर झाली की ती सगळी यादी मी त्या रीलच्या खाली नेऊन चिकटवणार आहे. यादीत पहिलं नाव मावशीचं, ते मीच घालते. दर विचारायला आत्ता तिला फोन लावतेय, उचलत नाहीये, सिरियल लागली असणार.