बफेलोने कधीच काही जिंकलं नाही म्हणणाऱ्यांसाठी

"अमेरिकेतलं सगळ्यात पनवती शहर" अशा नावाची एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय, तुमच्यापर्यंत पण आली असेलच. थोडक्यात म्हणणं असं, की न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोने आजवर एकही चॅम्पियनशिप जिंकलेली नाही, त्यांची फुटबॉल टीम बिल्स सलग चार सुपर बोल हरली कारण मोठ्या मॅचमध्ये यांचे हातपाय गळतात, एका किकरने अख्ख्या शहराचं वाटोळं केलं, बास्केटबॉलची टीम प्रेक्षक नाहीत म्हणून पळाली, आणि फॅन्स म्हणजे पार्किंगमध्ये दारू पिऊन टेबलं मोडणारी टोळी. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, आणि सुपर बोल म्हणजे त्याची वर्षातली सगळ्यात मोठी फायनल.) मी बफेलोत शिकलोय, या टीम्स मनापासून फॉलो करतो, आणि लोक डोळे झाकून हे पुढे ढकलतायत ते बघून खरंच राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकही चॅम्पियनशिप नाही"

सरळ सरळ चूक. बिल्स १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं एएफएल या लीगचे चॅम्पियन होते, दोन्ही वेळा समोर सॅन डिएगो चार्जर्स. १९६४ ची फायनल बफेलोतच वॉर मेमोरियल स्टेडियमवर झाली, चार्जर्स ७-० ने पुढे होते आणि त्यांचा कीथ लिंकन पास पकडायला वळला तेवढ्यात माइक स्ट्रॅटनने त्याला असा काही टॅकल मारला की त्याच्या बरगड्या मोडल्या आणि तो परत मैदानात आलाच नाही. तिथून मॅच फिरली ती फिरलीच, २०-७. पुढच्या वर्षी सॅन डिएगोत जाऊन २३-०, म्हणजे समोरच्याला त्याच्याच घरी एक पॉइंट करू दिला नाही.

यावर लगेच उत्तर येतं की अहो ती दुसरी लीग, खरी लीग एनएफएल. पण मग १९६९ च्या जानेवारीत त्याच "दुसऱ्या लीग"मधल्या जेट्सनी एनएफएलच्या कोल्ट्सना सुपर बोलमध्ये (तेव्हा तो या दोन लीगच्या चॅम्पियन्समध्ये व्हायचा) १६-७ ने हरवलं आणि पुढच्याच वर्षी चीफ्सनी वायकिंग्जना, त्याचं काय करायचं? सुपर बोल सुरूच झाला १९६७ मध्ये, त्याच्या आधी जिंकलेलं मोजायचंच नाही असं ठरवलं तर अर्थात शून्यच येणार.

आणि फुटबॉल सोडून बाकी खेळ शहरात नाहीतच का? बँडिट्स ही बफेलोची लॅक्रॉसची (जाळीच्या काठ्यांनी बॉल खेळायचा खेळ) टीम १९९२, १९९३, १९९६, २००८ मध्ये चॅम्पियन झाली आणि नंतर २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं. लॅक्रॉस हा मुळात त्याच भागातल्या मूळ रहिवासी हौडेनोशोनी लोकांचा खेळ, बँडिट्समध्ये त्यांचे खेळाडू कायम असतात, आणि मॅचला हॉकीचं एवढं मोठं स्टेडियम तुडुंब भरतं. पोस्टमध्ये बँडिट्सचं नावसुद्धा नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली.

हो, आइस हॉकीत बफेलोच्या सेबर्सनी स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, जिंकलेला नाही, हे मान्य. १९७५ ला फायनल फिलाडेल्फियाकडून हरले, १९९९ ला डॅलसकडून, आणि त्या ९९ च्या तिसऱ्या ओव्हरटाइममधला ब्रेट हलचा गोल, पाय क्रीजमध्ये (गोलकीपरसमोरच्या आखलेल्या जागेत) असताना मारलेला, बफेलोत आजही कोणी गोल मानत नाही, मी पण नाही. शिवाय २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ सीझन प्लेऑफ नाही, हा लीगमधला नकोसा रेकॉर्ड. हे सगळं लिहा, खुशाल लिहा. पण "काहीच नाही" लिहू नका.

"चार फायनल हरले कारण मोठ्या मॅचमध्ये गळपटतात"

जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९४, सलग चार सुपर बोल, चारही हरले, आकडे खरे आहेत. जायंट्सकडून २०-१९, वॉशिंग्टनकडून ३७-२४, मग डॅलसकडून ५२-१७ आणि ३०-१३. पण सलग चार वर्षं तिथपर्यंत पोचलेली दुसरी टीम सांगा. नाहीये. ब्रॅडीचे पॅट्रियट्स, माहोम्सचे चीफ्स, दोघंही सलग तीनवर थांबले. सुपर बोलला जायचं तर आधी आपली कॉन्फरन्स, म्हणजे लीगचा आपला अर्धा भाग, जिंकावी लागते, म्हणजे दर जानेवारीत नॉकआउट मॅचेस, एक हरलात की घरी. मोठ्या मॅचमध्ये ज्यांचे हातपाय गळतात ते लोक असल्या मॅचेस चार वर्षं एकामागून एक कसे काय जिंकतात?

त्यातली एक मॅच सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. ३ जानेवारी १९९३, ह्यूस्टन ऑयलर्सविरुद्ध प्लेऑफ, क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जिम केली जखमी म्हणून बदली फ्रँक राइक खेळतोय, तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच राइकचा पास ऑयलर्सनी पकडून थेट टचडाउन केला (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला) आणि स्कोअर झाला ३५-३. बॉल घेऊन पळणारा त्यांचा मुख्य खेळाडू थर्मन थॉमस पण दुखापतीने बाहेर. सगळी तिकिटं खपली नव्हती म्हणून बफेलोत टीव्हीवर मॅच दाखवत नव्हते, लोक रेडिओ कानाला लावून बसलेले, स्टेडियममधून बरेच जण उठून निघाले पण होते. मग एक टचडाउन, दुसरा, तिसरा, आंद्रे रीडने एकट्याने तीन केले, आणि बाहेर गेलेले लोक कुंपणावरून चढून परत आत यायला लागले! ओव्हरटाइममध्ये स्टीव्ह क्रिस्टीची किक, ४१-३८. ३२ पॉइंटची पिछाडी भरून काढली, एनएफएलमध्ये तोवर कोणी केलं नव्हतं, डिसेंबर २०२२ मध्ये वायकिंग्जनी ३३ ची भरून काढली पण प्लेऑफमधला रेकॉर्ड आजही बिल्सचाच.

आणि त्याच सीझनच्या फायनलमध्ये, ती ५२-१७ वाली, मॅच केव्हाच हातातून गेलेली, डॅलसचा लिऑन लेट बॉल घेऊन एंड झोनकडे, म्हणजे टचडाउनच्या जागेकडे, पळतोय, शेवटी शेवटी हात पसरून सेलिब्रेट करायला लागला, आणि मागून डॉन बीबी अख्खं मैदान पळत आला आणि रेषेच्या जरा अलीकडे त्याच्या हातातला बॉल उडवला. निकालात काडीचा फरक पडणार नव्हता. तरी पळाला. बफेलोच्या लोकांना बीबी का आवडतो ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"एका किकरने शहराचं वाटोळं केलं"

स्कॉट नॉरवुड. त्या चारातला पहिला सुपर बोल, जायंट्सविरुद्धचा, शेवटचे ८ सेकंद, ४७ यार्डाची किक, उजवीकडून बाहेर गेली. त्या काळात एवढ्या लांबच्या किक जेमतेम निम्म्या बसायच्या, त्यात बिल्सचं घरचं मैदान कृत्रिम टर्फचं आणि टँपाला खरं गवत. त्या मॅचमध्ये जायंट्सनी ४० मिनिटांहून जास्त वेळ बॉल स्वतःकडे ठेवला, बिल्सच्या एवढ्या भारी ऑफेन्सला मैदानात उतरूच दिलं नाही, मॅच तिथे हरली. आणि वाटोळं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक थंडीत जमले आणि "आम्हाला स्कॉट हवाय" म्हणून ओरडायला लागले, तो पुढे येईपर्यंत थांबले नाहीत, आणि तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याला शब्द फुटेना. ज्याने आदल्या रात्री किक चुकवली त्याला! हे पोस्ट लिहिणाऱ्याने कुठेतरी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

"बास्केटबॉल टीम प्रेक्षकांअभावी पळाली"

बफेलो ब्रेव्हज, एनबीएमध्ये १९७० ते १९७८. बॉब मॅकाडू यांचाच, १९७५ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), सलग तीन वर्षं लीगचा टॉप स्कोअरर. टीम चांगली होती तोवर गर्दी चांगली व्हायची. मग १९७६ मध्ये कोच जॅक रॅमझी गेला (आणि पुढच्याच वर्षी पोर्टलंडला चॅम्पियन करून दाखवलं), डिसेंबरात मॅकाडूला न्यू यॉर्क निक्सना विकून टाकलं, मॅचेस व्हायच्या त्या ऑडिटोरियममध्ये चांगल्या तारखा कनिशियस कॉलेजच्या टीमसाठी अडकलेल्या. शेवटी गर्दी आटली, आटणारच. १९७८ मध्ये मालक जॉन ब्राउनने बॉस्टन सेल्टिक्सच्या मालकाशी टीमची चक्क अदलाबदल केली आणि नव्या मालकाला कॅलिफोर्नियात टीम हवी होती, म्हणून तिकडे नेली. आजचे क्लिपर्स ते हेच. यात प्रेक्षकांनी काय करायला हवं होतं?

उलट १९९१ मध्ये बायसन्स या बफेलोच्या मायनर लीग बेसबॉल टीमच्या मॅचेसना एका सीझनमध्ये १२ लाखांवर लोक आले होते. मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीची, लक्षात घ्या.

"फॅन्स म्हणजे टोळी"

टेबलं मोडतात, खरंय, व्हिडिओ आहेत, मला पण ते आवडत नाही आणि लोकांना लागतं त्यात. पण त्याच फॅन्सचं हे पण बघा. १७ वर्षं बिल्स प्लेऑफला गेले नव्हते, ३१ डिसेंबर २०१७ ला सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने शेवटच्या मिनिटात टचडाउन टाकून बाल्टिमोरला हरवलं आणि त्यामुळे बिल्स आत गेले. तर फॅन्सनी डाल्टनच्या चॅरिटीला १७-१७ डॉलर पाठवायला सुरुवात केली, तीन लाख डॉलरच्या वर जमले, दुसऱ्या टीमच्या खेळाडूला! २०२० मध्ये बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनची आजी गेली तेव्हा पुन्हा तेच, त्याच्या नंबरचे १७ डॉलर शहरातल्या ओशाई चिल्ड्रन्स हॉस्पिटलला, दहा लाखांवर गेले, आणि हॉस्पिटलने एका विंगला आजीचं नाव दिलं. जानेवारी २०२४ मध्ये पिट्सबर्गविरुद्धची प्लेऑफ हिमवादळामुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली, तेव्हा तासाला २० डॉलरवर फावडी घेऊन लोक आपल्याच स्टेडियममधला बर्फ उपसायला आले आणि तरी मॅचच्या वेळी कित्येक सीट बर्फाखालीच होत्या, लोकांनी हाताने उकरून जागा केल्या आणि बसले.

२०२० च्या जनगणनेत जेमतेम पावणेतीन लाख वस्ती असलेलं हे शहर आहे, १९५० मध्ये ५ लाख ८० हजार होती, पोलादाचे कारखाने गेले तशी माणसं गेली. टीम्सवरचा जीव तेवढाच राहिला.

ज्याने पोस्ट टाकली त्याला मी मेसेज केलाय, की "एकही चॅम्पियनशिप नाही" काढ आणि "सुपर बोल आणि स्टॅनली कप नाही" असं लिही. तुमच्या ग्रुपवर आली तर तुम्ही पण एवढं सांगा.