सहल काढायचीच तर मंडईत काढा

शाळेची सहल वॉटर पार्कला नेली, तर माझा विरोध नाही. फक्त त्याला 'शैक्षणिक सहल' म्हणू नका. पण 'पुणे दर्शन'च्या नावाखाली शनिवारवाडा, लाल महाल, आगाखान पॅलेस, पर्वती सगळं एका दिवसात उरकणं त्याहून वाईट. पोरांच्या डोक्यात उरतं काय, तर 'काका मला वाचवा' आणि कुल्फी.

एका फेरीत एकच जागा, तीही पायी. हातात वही-पेन्सिल. माहिती नंतर, आधी बघू द्या.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती घ्या. नागझरीच्या काठचं हे देऊळ निम्म्या पुणेकरांनी पाहिलेलं नसतं! काम सुरू झालं १७५४ साली. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती आणि दर्शनी भिंतीवर चक्क गेंडा, त्याला साखळीने बांधणारे गोरे सोजीर. सोसायटीतल्या मुलांना घेऊन गेलो होतो, तर पहिला प्रश्न आला, "काका, पुण्यात गेंडा कुठून आला?" बंगाल इंग्रजांच्या घशात गेला, त्याचं हे चित्र असं काही अभ्यासक मानतात. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे देऊळ बांधत असतानाची. पुस्तकातल्या त्या कंटाळवाण्या धड्याला तिथे एकदम शिंग फुटलं. एक पाचवीतली मुलगी तर साखळीच्या कड्या मोजून काढत बसली, उठायलाच तयार नाही.

दुसरी जागा मंडई. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झालेली. अष्टकोनी मनोरा, दगडी कमानी, खाली कोथिंबिरीच्या जुड्या. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. आज मंडईला नाव त्यांचंच! यावर सातवी-आठवीची मुलं तासभर भांडतील. भांडू द्या.

पुतळ्यांचंही तेच. शिवाजीनगरला श्रीशिवाजी प्रिपरेटरी शाळेतला महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा, नानासाहेब करमरकरांनी घडवलेला. पुतळा कुणाचा हे सगळे सांगतात, घडवला कुणी हे किती शाळांत सांगतात?

भिडे वाडा मात्र आता दाखवता येणार नाही. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली, तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. तेही मुलांना सांगा, लपवू नका.

आणि हो, मंडईत रविवारी सकाळी जाऊ नका. गाळेवाले वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. मधल्या वारी दुपारी, पंधरा-वीसच मुलं. साठ नेलीत तर मोजण्यातच वेळ जाईल.