मिठी मारणारं पान

आमच्या रानफुलांच्या ग्रुपवर एक जाणकार गृहस्थ आहेत. त्यांना नाव विचारलं की ते नाव सांगत नाहीत, आपल्यालाच प्रश्न विचारतात. परवा मी कोल्हापुरात फुलेवाडीच्या वाटेवर एका मोकळ्या प्लॉटात उगवलेल्या पिवळ्या फुलाचा फोटो टाकला. चांगला, पाकळीवरची शीर न् शीर दिसेल असा. उत्तर आलं, ‘शेंग? बुडखातली पानं? वरचं पान खोडाला मिठी मारतं का? नुसत्या पिवळ्या फुलावरून मोहरी सांगायला मी ज्योतिषी नाही.’ खाली भराभर हसरे चेहरे पडले. आदल्याच दिवशी एका बाईंच्या थरथरलेल्या, हिरव्या ढगासारख्या फोटोला याच गृहस्थांनी ‘वा, छान टिपलंय’ म्हटलं होतं, हे मी विसरलेली नाही.

माणूस खवट असला तरी मुद्दा चुकीचा नव्हता, आणि राग त्याचाच जास्त येतो. मोहरीचं कुळ म्हणजे सामायिक सात-बारा. हजारो जाती आणि बहुतेकांच्या फुलाला त्याच चार पाकळ्या, तेच सहा केसर, चार लांब आणि दोन आखूड. केसर मोजले की फार तर तिळवण बाजूला पडते. तीही पिवळी, तीही चार पाकळ्यांची, पण केसरांची नुसती झुंबड, अंगाला चिकट आणि पान तीन-पाच दलांचं. नवशिके तिला हमखास रानमोहरी म्हणून टाकतात. पण खऱ्या मोहऱ्यांत आपसांत निवड करायची तर पान आणि शेंग बघावी लागते. तोरी, राई, काळी मोहरी, या सगळ्या मोहऱ्याच. तोरीचं वरचं पान खोडाला कवटाळून बसतं. राईचं तसं नाही, ते आखूड देठावर अलिप्त. काळ्या मोहरीच्या शेंगा बुटक्या आणि दांड्याला चिकटून उभ्या. त्यात राई ही तोरी आणि काळी मोहरी यांचीच संकर-संतती, हे वू जांग-चुन या शास्त्रज्ञानं 1935 साली दाखवून दिलं. एकीची गुणसूत्रं 20, दुसरीची 16, राईची 36. हिशेब चोख जुळतो. प्लॉटात उकिडवं बसलेल्या बाईला त्या हिशेबाचा काडीचा उपयोग नाही.

तर मी उकिडवी बसले होते. डोळ्याला भिंग, नाक जवळजवळ फुलात. मागे मोटरसायकल थांबली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या.

“ओ वैनी, काय पडलं काय? कानातलं?”

“नाही, फूल बघतेय.”

“मग उभं ऱ्हाऊन बगा की. रस्त्यावरनं वाटतंय चक्कर येऊन पडलाय.” मग आवाज उतरवून, “मोजणीवाल्यांच्यातल्या न्हाई न्हवं तुम्ही?”

“नाही हो. हे पान खोडाला मिठी मारतंय का, ते बघायचंय.”

त्यानं गाडी स्टँडला लावली.

“कोण कुणाला?”

“पान. खोडाला.”

“आन् मारली तर?”

“तर तोरी. नाही मारली तर राई.”

“फोडणीत दोन्ही तडतडत्यात का न्हाय?”

“तडतडतात.”

“मग सोडा की वो.”

एवढ्यावर तो गेला असता तर हा लेख झाला नसता. त्यानं समोरून येणाऱ्या कॉलेजच्या पोराला हात केला. “ए भावा, हिकडं ये, वैनी मिठी बघाय लागल्यात!” पोरगं आलं. पोराच्या मागून शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन फिरायला निघालेलं एक जोडपं आलं. पोरानं मोबाइल रोखला. वरून फोटो काढला तर मोबाइल म्हणाला मोहरी, खालून काढला तर म्हणाला मुळा. जोडप्यातल्या काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “पाठदुखीवर चालतंय का हे?” या गावात कुठलंही झाड पाठदुखीवर तरी चालतं नाहीतर निरुपयोगी असतं.

मला खरंच संताप आला होता. भिंग आवरत मी म्हटलं, “असं बघायला गेलं तर तुमच्या म्हशीही सगळ्या काळ्याच की.”

त्याचा चेहरा पडला. मी जणू त्याच्या घरच्यांबद्दल काही बोलले होते.

“सगळ्या काळ्या?” तो म्हणाला. “सगळ्या? पंढरपुरीचं शिंग तलवारीगत मागं खांद्यापातूर जातंय. मुऱ्ह्याचं कानामागं असं गरागरा वळलेलं. जाफराबादीचं मानेवर लोंबतंय आन् कपाळ ह्ये एवढं फुगीर. आंधळ्यानं हात फिरवून सांगावं. आन् म्हणं सगळ्या काळ्या.” किटलीचं झाकण उघडून त्यानं उगाचच परत दाबून बसवलं. “दिवाळीच्या पाडव्याला बघितलं न्हाय काय? शिंगं रंगवून, मोरपिसं लावून आमची लक्ष्मी ह्या गाडीमागं पळती. निस्त्या आवाजावर. शेजाऱ्यानं हीच गाडी घेतली, हाच रंग. लई फिरवली तिच्यापुढनं. ढुंकून बघितलं न्हाय.”

पोरगं, जोडपं, सगळे माना डोलावत होते. त्यातल्या कुणालाही हे वेड वाटलं नाही.

“मोहरीचं पण तसंच आहे,” मी म्हटलं.

“आवो, पण म्हस दूध देती.”

यावर काय बोलणार? 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठहून जास्त माणसं गेली. ते बी मोहरीसारखंच दिसतं. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. ते घरी, भाकरी थापताना सुचलं. तोवर सगळ्यांच्या मते मी बिनकामाची ठरले होते.

राईच होती ती. पान देठावर, मिठीबिठी काही नाही. ग्रुपवर पानाचा जवळून फोटो टाकला. उत्तर आलं, ‘शेंग?’

दूधवाल्याला मात्र बहुधा वाईट वाटलं असावं. “बांधावर असलं लई हाय. तुमच्या बिल्डिंगीत माझा रतीब हाय, येताना टाकतो,” असं जाताना म्हणाला होता. मी ते बोलण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात कमरेएवढा भारा. वाळत आलेली चिकट तिळवण, काटेरी धोत्रा, डिंगऱ्या धरलेला मुळा, मोहरी, सगळं एका सुतळीत करकचून आवळलेलं. पाकळ्या गळालेल्या, पानांचा चोथा. कुणी कुणाला मिठी मारली होती ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी सोसायटीची नोटीस आली. सामायिक जागेत गवत आणून टाकल्याबद्दल खुलासा करावा. त्या भाऱ्यात गवताची एक काडी नव्हती. खुलाशात मी तेवढंच लिहिलंय.